स्मृतीचा वेग आणि स्मृतीची खात्री

स्मरणशक्तीची स्तुती करताना आपण दोन निराळे गुण एकाच शब्दात बांधतो. एखाद्याला पटकन आठवते, म्हणून त्याची स्मरणशक्ती चांगली. आणि एखाद्याला बिनचूक आठवते, म्हणूनही ती चांगलीच. वास्तविक पटकन आठवणे आणि बरोबर आठवणे या दोन गोष्टी एक नव्हेत. आम्ही सेमिनरीत शिकत असताना लॅटिन शब्दांची रूपे विचारली गेली की सर्वांत आधी ज्याचा हात वर जाई त्याचे उत्तर बरोबर असेलच, याची शाश्वती नसे. उलट मागच्या बाकावरचा एखादा विद्यार्थी ओठांतल्या ओठांत पुटपुटत, बोटे मोजत, सावकाश उठे आणि नेमके रूप सांगे. आज इतक्या वर्षांनी या दोन गुणांमधील तफावत आम्हांला पुन्हा आठवली, ती माणसांच्या नव्हे, तर यंत्राच्या स्मृतीमुळे.

निमित्त झाले आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाचे. त्याचे वडील एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या कचेरीत आले. शेतकरी माणूस, बोलणे मोजके. म्हणाले, "फादर, तुम्ही जरा आमच्या पोराला सांगा. रात्र रात्र कॉम्प्युटर उघडा टाकून बसतो. बरा चाललेला असतो, तरी हा त्याला आणखी पळवायला बघतो. मग तो बंद पडतो, मग हा परत चालू करतो. याला काय म्हणायचे?" आम्ही येऊन पाहतो, एवढेच सांगितले. न पाहिलेल्या गोष्टीवर उपदेश करणे आमच्या स्वभावात नाही.

घरी गेलो तेव्हा तो तरुण कॅबिनेटची बाजू काढून, एक लहानसा पंखा मदरबोर्डच्या रोखाने ठेवून बसला होता. यंत्रापेक्षाही आमचे लक्ष वेधले ते त्याच्या मांडीवरील वहीने. पट्टीने आखलेले रकाने. तारीख, खोलीचे तापमान, वेग, व्होल्ट, चाचणीचे तास आणि शेवटच्या रकान्यात 'पास' किंवा 'नापास'. ज्या मुलाविषयी तो वेळ वाया घालवतो अशी तक्रार होती, त्याने आठ महिन्यांच्या नोंदी एकही दिवस न गाळता ठेवल्या होत्या. आम्ही खुर्ची ओढून बसलो आणि म्हटले, "आम्हांला पहिल्यापासून समजावून सांग." त्याने ते सांगितले. पुढे अनेक संध्याकाळी आम्ही त्याच्याकडून आणि वाचनातून जे समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

संगणकाच्या ज्या स्मृतीला 'रॅम' म्हणतात, ती म्हणजे मदरबोर्डवर उभी खोचलेली एक वीतभर लांबीची पट्टी. तिच्यावरील काळ्या चिपांमध्ये विजेच्या अतिसूक्ष्म कोठ्या असतात. कोठीत विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. ही एक कोठी आणि तिचे दार उघडझाप करणारा एक ट्रान्झिस्टर, एवढ्यावर एक अंक साठवावयाचा, ही कल्पना आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड या संशोधकाची. तिचे पेटंट त्यांना १९६८ साली मिळाले आणि १९७० साली इंटेल कंपनीने १,०२४ अंक साठवणारी चिप बाजारात आणली. डेनार्ड २०२४ साली निवर्तले. आज आठ गिगाबाइटच्या एका पट्टीत अशा सुमारे ६,८७१ कोटी कोठ्या असतात. भारताच्या लोकसंख्येच्या चाळीस पटींहूनही अधिक कोठ्या, आणि त्या सगळ्या मिळून आपल्या तळहातावर मावतात!

परंतु या कोठ्यांत एक उणीव आहे. त्या गळतात. आमच्या वसईच्या वाड्यांतून पूर्वी रहाटाचे पाणी पाटाने वाफ्यांत सोडीत असत. जमीन रेताड असली की शेवटच्या वाफ्याला पाणी पोहोचेपर्यंत पहिला वाफा सुकू लागे आणि माळ्याला फिरून पहिल्याकडे यावे लागे. रॅमचेही तसेच आहे. कोठीतील विद्युतभार पाझरून जाण्यापूर्वी तो वाचून पुन्हा भरावा लागतो. डीडीआर-४ या पिढीच्या स्मृतीत नेहमीच्या तापमानाला प्रत्येक कोठीची अशी फेरी ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला सुमारे पंधरा वेळा, पूर्ण व्हावी असा दंडक आहे. चिपचे तापमान ८५ अंशांच्या वर गेले तर गळती वाढते, म्हणून फेऱ्याही दुप्पट कराव्या लागतात. जी वस्तू आपण स्मृती म्हणून विकत घेतो ती मुळात विसरणारी वस्तू आहे; तिला सतत आठवण करून दिली जाते म्हणून ती लक्षात ठेवते.

आता वेगाकडे वळू. स्मृतीचे सारे काम एका घड्याळाच्या ठोक्यावर चालते. गायनवृंदात जसा एकजण हाताने ताल धरतो आणि बाकीचे त्या तालावर श्वास घेतात, तसे हे आहे. एखादी माहिती हवी असली की आधी कोठ्यांची एक ओळ उघडावयाची, तीमधील भार स्थिर होऊ द्यावयाचा, मग त्या ओळीतील हवा तो रकाना निवडावयाचा, माहिती बाहेर काढावयाची आणि शेवटी ओळ बंद करून पुढच्या ओळीसाठी तारा पूर्ववत करावयाच्या. या प्रत्येक पायरीसाठी किती ठोके थांबावयाचे, याचे आकडे ठरलेले असतात. '१६-१८-१८-३८' अशी आकड्यांची जी माळ पट्टीवर छापलेली असते ती हीच. पहिला आकडा रकाना मागितल्यापासून माहिती हाती येईपर्यंतचे ठोके सांगतो. दुसरा ओळ उघडल्यावर थांबण्याचे. तिसरा ओळ बंद केल्यानंतरचे. आणि चौथा ओळ कमीत कमी किती काळ उघडी ठेवावयाची याचे.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे हा ताल ठरवून दिलेल्या लयीपेक्षा जलद करणे, किंवा थांबण्याचे ठोके कमी करणे, किंवा दोन्ही. ते शक्य होते याचे कारण कारखानदारांच्या सावधगिरीत आहे. एकाच तबकडीतून कापलेल्या सगळ्या चिपा सारख्या गुणाच्या निघत नाहीत. कोणी चपळ, कोणी मंद. कारखान्याला मात्र प्रत्येक पट्टीची हमी द्यावयाची असते. ती पट्टी कोणाच्या घरी, कोणत्या उकाड्यात, कसल्या विजेवर चालेल हे त्याला ठाऊक नसते. म्हणून तो बेताचा वेग छापतो आणि मध्ये थोडी जागा राखून ठेवतो. या राखीव जागेत शिरण्याचा छंद म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

हा छंद नवा नव्हे. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००-ए हा स्वस्त प्रोसेसर आला. मदरबोर्डचा ताल ६६ मेगाहर्ट्‌झवरून १०० वर नेला की तो ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्‌झवर पळे आणि पुष्कळांच्या घरी तो तसा बिनतक्रार पळाला. मात्र स्मृतीलाही त्याच १०० च्या तालावर चालावे लागे. तेव्हा त्या तालाची पट्टी नसली तर प्रोसेसर कितीही तयार असो, सगळा डाव तेथेच अडे. रॅमचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे, हे अनेक हौशी मंडळींना त्या काळात उमगले. पुढे २००७ साली इंटेलने एक्सएमपी नावाची सोय काढली. पट्टीवरच्या एका चिमुकल्या चिपमध्ये कारखान्यानेच तपासलेला जलद वेग, ठोके आणि व्होल्ट नोंदलेले असतात. बायोसमध्ये जाऊन ते एका निवडीत लागू करता येतात. एएमडी कंपनीने २०२२ साली 'एक्स्पो' नावाने तशीच सोय दिली. डीडीआर-४ चे अधिकृत व्होल्ट १.२ आहेत, एक्सएमपीमध्ये बहुधा १.३५ असतात. म्हणजे वेगाची किंमत विजेत आणि उष्णतेत मोजावी लागते.

आमच्या तरुण मित्राच्या पट्ट्या ३२०० वेगाच्या, १६ ठोक्यांच्या. त्या त्याने पायरीपायरीने ३६०० पर्यंत नेल्या होत्या. पद्धत साधी, पण चिकाटीची. एका वेळी एकच आकडा बदलावयाचा. यंत्र चालू करावयाचे. कधी ते उठतच नाही. पडदा काळा राहतो. मग मदरबोर्डवरील रुपयाएवढी गोल बॅटरी काढून, थोडे थांबून, परत बसवावयाची, म्हणजे बायोस नवे आकडे विसरून मूळ आकड्यांवर येते. उठले तर चाचणी. चाचणीत टिकले तर वहीत नोंद आणि पुढची पायरी. दोन आकडे एकदम का बदलत नाहीस, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "फादर, दोन बदलले आणि बिघडले, तर कोणामुळे बिघडले ते कसे कळणार?" तर्कशास्त्राच्या तासाला आम्ही हेच अधिक अवघड शब्दांत शिकलो होतो.

चाचणी म्हणताना त्याने दोन गोष्टींमध्ये काटेकोर भेद केला, आणि तो आम्हांला फार मोलाचा वाटतो. एक असते वेग मोजण्याची चाचणी. तिला बेंचमार्क म्हणतात. दुसरी असते खात्रीची. वेग मोजणाऱ्यांपैकी 'स्ट्रीम' ही चाचणी अमेरिकेतील जॉन मॅकॅल्पिन यांनी १९९१ साली तयार केली. अंकांच्या लांबलचक रांगा स्मृतीतून उचलून नुसत्या नकलावयाच्या, गुणून ठेवावयाच्या, दोन रांगांची बेरीज करावयाची आणि शेवटी गुणाकार व बेरीज एकत्र करावयाची, अशी चार साधी कामे. त्यांत सेकंदाला किती बाइटांची वाहतूक झाली ते मोजावयाचे. दुसरी प्रसिद्ध चाचणी 'सुपर पाय'. टोकियो विद्यापीठात यासुमासा कानादा यांच्या प्रयोगशाळेने १९९५ साली ज्या आज्ञावलीने वर्तुळाच्या 'पाय' या गुणोत्तराचे चारशे कोटींहून अधिक अंक काढले, तिचेच हे घरगुती रूप. घरच्या संगणकावर सुमारे तीन कोटी पस्तीस लाख अंक काढावयाचे आणि लागलेली मिनिटे-सेकंद नोंदवावयाचे. स्मृतीचे आकडे अर्ध्या ठोक्यानेही सुधारले तर ते या चाचणीत दिसते, म्हणून स्पर्धकांना ती प्रिय आहे.

स्पर्धा तर विलक्षणच. तेथे यंत्र वर्षानुवर्षे चालावे ही अपेक्षाच नसते. उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन ओतून पट्टी गोठवावयाची, काही क्षण टिकेल एवढा वेग गाठावयाचा, पडद्याचे छायाचित्र घ्यावयाचे आणि संपले. अशा रीतीने डीडीआर-५ स्मृती १२,००० च्या पुढे नेली गेली आहे. त्या पिढीची पहिली अधिकृत मानके २०२० साली निघाली तेव्हा ६,४०० ही तिची वरची मर्यादा होती. शंभर मीटर धावणारा खेळाडू बाजारात भाजी आणावयास त्या वेगाने जात नाही, हे लक्षात ठेवले की या विक्रमांचा आनंदही घेता येतो आणि त्यांचे वजनही कळते.

आणि आता एक हिशेब, जो त्या तरुणाने वहीच्या मागच्या पानावर करून दाखवला आणि आम्ही घरी येऊन पुन्हा ताडून पाहिला. डीडीआर-४ च्या ३२०० वेगात घड्याळाचे ठोके सेकंदाला १६० कोटी पडतात, कारण प्रत्येक ठोक्याच्या चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही कडांवर माहिती पाठवली जाते. म्हणजे एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा. असे सोळा ठोके थांबावयाचे, म्हणजे १० नॅनोसेकंद. पहिल्या पिढीची डीडीआर-४०० स्मृती घ्या. ठोका ५ नॅनोसेकंदांचा, चांगल्या पट्टीला थांबावे लागे दोन ठोके. म्हणजे १० नॅनोसेकंद. आजची डीडीआर-५, वेग ६०००, ठोके तीस. पुन्हा १० नॅनोसेकंद! सुमारे वीस वर्षांत एका वाहिनीवरची वाहतूक सेकंदाला ३.२ गिगाबाइटवरून ४८ वर, म्हणजे पंधरा पटींवर गेली. पण पहिला अंक हाती येण्यापूर्वीचा थांबा जवळजवळ तेथेच राहिला. रस्ता रुंद झाला, गाड्या वाढल्या, पण दाराशी उभे राहून कडी निघण्याची वाट पाहणे काही चुकले नाही. कोठी भरावयास आणि तिच्यातील क्षीण भार ओळखावयास निसर्गच वेळ घेतो. जाहिरातीतील मोठ्या आकड्याने हुरळून जाण्यापूर्वी प्रत्येक गिऱ्हाइकाने हा भागाकार करून पाहण्यासारखा आहे.

मग या साऱ्या खटाटोपाने हाती काय लागते? ३२०० वरून ३६०० वर गेल्याने वाहतुकीची क्षमता साडेबारा टक्क्यांनी वाढते. चलच्चित्रांचे खेळ, मोठ्या गणिती आकडेमोडी अशा कामांत त्यातला काही भाग प्रत्यक्ष जाणवतो. पत्र टंकलिखित करणाऱ्याला, हिशेब ठेवणाऱ्याला काहीच जाणवत नाही. कारण नेहमी लागणारी माहिती प्रोसेसर आपल्याजवळच्या लहान साठ्यातच बाळगून असतो. हे त्या तरुणाने स्वतःच, कोणतीही सारवासारव न करता सांगितले. तरीही २०२५ च्या अखेरीस स्मृतीच्या पट्ट्यांचे भाव एकाएकी भडकले, तेव्हा हाती आहे त्याच पट्टीतून अधिक काम काढू शकणाऱ्या या मंडळींच्या कौशल्याला थोडी व्यवहाराचीही बाजू आहे हे दिसून आले.

येथवर हा छंद होता. आमचा त्याच्याशी खरा संबंध आला तो पुढे.

आमच्या धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवह्या जीर्ण झाल्या आहेत. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी प्रत्येक धर्मग्रामाने ठेवाव्यात, असा चर्चच्या कायद्याचा नियम आहे. पण या वह्या केवळ चर्चच्या नाहीत. कोणाला निवृत्तिवेतनासाठी वयाचा दाखला हवा असतो, कोणाला पारपत्रासाठी, कोणाला आजोबांच्या वारसाहक्कासाठी. ज्यांच्या जन्माची नोंद अन्यत्र कोठेही नाही, अशा वृद्धांचे वय कित्येकदा याच पिवळ्या पानावरच्या एका ओळीवर उभे असते. पाने हाताळून हाताळून तुटू लागली, म्हणून सर्व नोंदी संगणकावर उतरवून घेण्याचे ठरले. कचेरीतील यंत्र फारच मंद होते. तेव्हा त्या तरुणाने आपले यंत्र देऊ केले आणि आपले दोन मित्रही.

देऊ केल्यावर त्यानेच एक प्रश्न काढला. म्हणाला, "फादर, एक सांगतो. हे यंत्र जलद आहे. पण वह्या उतरवायच्या म्हणजे ते खात्रीचे पाहिजे. मला पुन्हा तपासू द्या." वास्तविक जानेवारीत त्याने 'मेमटेस्ट' नावाची चाचणी रात्रभर चालवली होती आणि एकही चूक निघाली नव्हती. ही चाचणी विंडोज सुरू होऊ न देता स्वतःच यंत्राचा ताबा घेते; स्मृतीच्या प्रत्येक कोठीत ठरावीक नमुने लिहिते, परत वाचते, उलटे लिहिते, पुन्हा वाचते. पण ती जानेवारीची रात्र होती. आता मे महिना होता. पत्र्याखालची खोली, दुपारची वेळ, दमट उकाडा. त्याने बाराच्या सुमारास चाचणी लावली आणि ती तशीच चालू ठेवली. पहिले पाच तास स्वच्छ गेले. सहाव्या तासाला पडद्यावर तांबडी ओळ उमटली. चूक एक.

तेरा हजार कोटींहून अधिक कोठ्यांमध्ये, सहा तासांत, एक चूक. त्याचे मित्र म्हणाले, एवढ्याने काय होते? यंत्र बंद पडले नाही, काही अडकले नाही. हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. एका चुकीने काय होते, ते आम्हांला नीट समजून घ्यावेसे वाटले.

यंत्र बंद पडले तर बरे, कारण बिघाड झाला हे कळते. कठीण असते ती मूक चूक. १८ मे २००३ रोजी बेल्जियममध्ये निवडणूक झाली. ब्रसेल्सजवळच्या स्कारबेक येथे मते यंत्रावर नोंदवली गेली, आणि एका उमेदवाराला शक्य होती त्याहून अधिक मते पडलेली दिसली. फेरमोजणीत आढळले की जादा मते नेमकी ४,०९६ आहेत. दोनाचा बारावा घात म्हणजे ४,०९६. म्हणजे द्विमान पद्धतीच्या संख्येतील एकच अंक शून्याचा एक झाला होता. आज्ञावलीत दोष सापडला नाही. स्मृतीतील एक अंक आपोआप उलटला असावा, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष निघाला. आकडा अशक्य कोटीतला होता म्हणून तो पकडला गेला. तोच अंक थोडा खालचा उलटता, तर कोणाला कळले असते?

अशा चुका अपवादात्मक आहेत असेही नाही. गूगल कंपनीच्या हजारो यंत्रांवरील स्मृतीचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत निदान एक तरी चूक आढळली; आणि त्या पट्ट्या तर ओव्हरक्लॉक केलेल्या नव्हत्या. त्या यंत्रांत प्रत्येक ६४ अंकांमागे ८ अंक पहाऱ्यासाठी अधिक ठेवलेले असतात. त्यांच्या साहाय्याने एक चूक आपोआप दुरुस्त होते. घरच्या बहुतेक संगणकांत हा पहारा नसतो. डीडीआर-५ च्या चिपांमध्ये अंतर्गत दुरुस्तीची सोय आली आहे, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर होणारी चूक ती थांबवू शकत नाही.

आता आमच्या नोंदवहीचे उदाहरण घ्या. संगणकात प्रत्येक अंकचिन्हाला एक क्रमांक दिलेला असतो. इंग्रजी १ आणि ९ यांच्या क्रमांकांत द्विमान पद्धतीने पाहिले तर फक्त एका अंकाचा फरक आहे. देवनागरी १ आणि ९ यांच्यातही तसाच, एकाच अंकाचा. म्हणजे एका कोठीने दगा दिला की १९३१ चे १९३९ होते. पानावर काही खाडाखोड दिसणार नाही, शाई पसरलेली दिसणार नाही. एका आजीचे वय आठ वर्षांनी कमी होईल आणि निवृत्तिवेतनाच्या खिडकीवरचा माणूस म्हणेल, "बाई, कागदावर तर असे लिहिले आहे." कारकुनाच्या हातून अशी चूक झाली तर निदान अक्षरावरून शोधता येते. यंत्राच्या चुकीला अक्षर नसते.

त्या तरुणाने आमच्या सांगण्याची वाट पाहिली नाही. त्याच सायंकाळी त्याने बायोसमध्ये जाऊन आठ महिन्यांत मिळवलेले सारे आकडे काढून टाकले आणि पट्ट्या अधिकृत मानकाच्या मूळ वेगावर, १.२ व्होल्टवर आणून ठेवल्या. वहीत लिहिले: 'नोंदवहीच्या कामासाठी. वेग नको.' मग पुन्हा चाचणी. या खेपेस सलग दोन दिवस, भर उकाड्यात. चूक शून्य. त्यानंतरच पहिले पान उतरवले गेले. शिवाय एकाने मूळ वहीतून मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने छापील कागदावर बोट ठेवून ताडून पाहावे, असा क्रम लावून दिला. यंत्राची खात्री झाली तरी माणसांची उरतेच, हे त्याचेच म्हणणे. काम चार महिने चालले. जलद वेगाने ते कदाचित एखादा दिवस लवकर संपले असते.

त्याच्या वडिलांना आम्ही काय सांगितले, हे सांगणे प्राप्त आहे. आम्ही त्यांना ती वही दाखवली. त्यांना आकडे समजले नाहीत, पण रकाने समजले. ते स्वतः केळीच्या बागेला कोणत्या दिवशी पाणी दिले याची खूण भिंतीवरील दिनदर्शिकेवर करणारे गृहस्थ. पाने उलटून म्हणाले, "हे सगळे यानेच लिहिले?" आणि थोड्या वेळाने, "पण मग कमी का केला वेग, एवढी मेहनत करून?" मुलगा म्हणाला, "पप्पा, माझ्या खेळात चुकले तर मी हरतो. इथे चुकले तर दुसऱ्याचे नुकसान होते." वडील काही बोलले नाहीत. जाताना मात्र त्यांनी तो लहान पंखा, जो मुलगा दोरीने बांधून ठेवत असे, त्याला तारेचा एक चांगला स्टँड करून देईन म्हणाले, आणि दिलाही.

या विषयाकडे पाहताना आम्हांला वाटते की कारखानदाराने राखून ठेवलेली जागा ही वाया गेलेली जागा नव्हे. ती वैशाखातल्या दुपारीसाठी, घटत्या-वाढत्या विजेसाठी, न दिसणाऱ्या आपत्तीसाठी ठेवलेली असते. त्या जागेत शिरून पाहणाराला मात्र एक गोष्ट कळते, जी इतरांना कळत नाही: मर्यादा नेमकी कोठे आहे. ज्याने यंत्राला सहाव्या तासाला चुकताना पाहिले, तोच त्याच्यावर कोठवर विसंबावे हे सांगू शकतो. आम्ही बाकीचे केवळ विसंबतो.

आमच्या धर्मग्रामात नव्वदी ओलांडलेल्या एक आजी आहेत. कोणाचे लग्न कोणत्या साली झाले असे विचारले की त्या लगेच उत्तर देत नाहीत. आधी त्या वर्षीचा पाऊस आठवतात, मग कोणाची विहीर खणली गेली ते, मग कोणाच्या घरी पाळणा हलला ते; आणि मग साल सांगतात. वह्या उतरवताना पुसट झालेल्या सात नोंदी आम्ही त्यांना विचारल्या. दोन ठिकाणी त्यांनी "नाही आठवत" असे स्वच्छ सांगितले. उरलेल्या पाच आम्ही विवाहाच्या वहीशी ताडून पाहिल्या. पाचही बरोबर निघाल्या.

वाचकहो, आपल्या घरातही एखादा मुलगा किंवा मुलगी रात्री उशिरापर्यंत संगणक उघडा टाकून बसत असेल. वेळ वाया घालवतोस का, असे विचारण्यापूर्वी किंवा किती वेग गाठलास, असे कौतुकाने विचारण्यापूर्वी, एक निराळा प्रश्न विचारून पाहावा: चाचणी किती तास चालवलीस, आणि त्यात काय निघाले? उत्तर देताना तो वही काढील, तर त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसावे.